छप्पर नसलेलं अक्षर

मामाच्या टाइपरायटरवर एक अक्षर अधू होतं.
झ. आमच्या लिपीत त्याच्या डोक्यावर
इवलंसं छप्पर असतं, उलटं, पाणी साठेल असं.
ते तुटलेलं.
म्हणून मी टाइप करायचे 'लाझ', म्हणजे खोटं,
आणि कागदावर उमटायचं 'लाज',
म्हणजे झाडं तोडून केलेली रानातली मोकळी जागा.

सरकार सांगतं ती रानातली मोकळी जागा आहे,
असं म्हणत होतं आमचं पहिलं पत्रक.

बोझिदार रेमशाक तेव्हा तेवीस वर्षांचा,
जमीन मोजणीच्या खात्यात, एकच कोट, कोपराला ठिगळ.
रात्रभर बसून त्याने तीनशे प्रतींवर
निळ्या पेनाने एकेक छप्पर काढलं,
जीभ दातांत धरून, शाळकरी पोरासारखी.
खाली स्वतःचं नाव घातलं होतं वेड्याने,
त्यातलंसुद्धा.
मी त्याच्या प्रेमात होते का, ते विचारू नका.
सूप दोनदा गरम करून दिलं, एवढं खरं.

पोलीस आले ते अक्षर शोधत.
शाळेचं यंत्र तपासलं, दवाखान्याचं, पाद्रीबाबांचं.
आमचं तोवर मी मधमाश्यांच्या घरात नेलं होतं,
चौथ्या पेटीमागे. सात डंख.
डावा डोळा तीन दिवस उघडला नाही.
तो अठरा दिवस आत होता.

पुढे देशच बदलला.
अठराचे चाळीस झाले,
मग त्याच्या पुस्तकात 'एक अख्खा हिवाळा'.
यंत्र त्यानेच लपवलं, असंही त्यात आहे.
डंखही त्याचेच.

आमचं त्सेर्कनित्साचं तळं येतं नि जातं.
उन्हाळ्यात तळाशी गवत कापायचं,
थंडी पडली की त्याच जागी होडी.
आटलं म्हणेपर्यंत जमिनीच्या भोकांतून पाणी वर.
तसा तो. मंत्री झाला, पडला.
पंतप्रधान झाला, तर रुग्णवाहिकांच्या खरेदीत
कुणाच्या तरी मेव्हण्याची कंपनी निघाली.
चौकात मेणबत्त्या लागल्या, त्याच्यासाठी आणि त्याच्याविरुद्ध,
एकाच दुकानातून घेतलेल्या.
खटला इतका रेंगाळला की मुदत उलटली.
यालाच तो निर्दोष सुटणं म्हणतो.
परत आला तेव्हा कोल्पा नदीकाठी काटेरी तार ओढली,
परके येऊ नयेत म्हणून.
पहिल्याच आठवड्यात एक हरिणी आली.
माझ्या भावाने सोडवली, म्हणजे तारेतून कापून काढली.
तरी मत त्यालाच.
"निदान काही करतो तरी," म्हणाला, हात धुता धुता.
मी भांडले नाही. एवढासा देश,
भांडून जाणार कुठे?
सकाळी पावाच्या रांगेत पुढे तोच उभा.

माझी झिवा रेडिओवर आहे.
तिने रुग्णवाहिकांचा आकडा विचारला, एवढंच.
त्या रात्री सव्वाबाराला
त्याने फोनवरून साऱ्या जगाला कळवलं:
भाड्याची जीभ.
पुढे तिचं नाव. नावातलं छप्पर नीट जागेवर.
शुद्धलेखन त्याचं पहिल्यापासून चोख.
मग महिनाभर तिच्या पेटीत निनावी पत्रं येत राहिली,
सुबक, छापील,
कुठल्या यंत्राची ते कुणालाच ओळखता येऊ नये अशी.

काल पक्षाचा एक मुलगा आला.
वर्धापनदिन, प्रदर्शन, काचेची पेटी.
बूट स्वच्छ, आवाज मऊ.
"साहेबांचं यंत्र तुमच्याकडे आहे म्हणे."
मधमाश्यांच्या घरात नेलं त्याला. दारातच थबकला.
"चालतं का अजून?"

मी कागद सरकवला. तीन अक्षरं दाबली.
त्याने वाकून वाचलं: "लाज."
"छान," म्हणाला, "रान वगैरे. आपल्या मातीतलं."
आणि कागदाची घडी घालून
वरच्या खिशात ठेवली.

यंत्र मी दिलं नाही.
निळं पेन मागितलं असतं,
तर तेवढं दिलं असतं.